मागचा हुंकार

१

चाळिशी उलटलेल्या बाईला घरात अजून 'शेपूट' म्हणतात, हे कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तेच बरं होतं. कचेरीत ती नुसती 'बाई' होती. खिडकीजवळचं टेबल, कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की म्हातारी माणसं बोलायला लागत, सोडलं की गप्प होत. "असलं एक पेडल आपल्या घरी बसवून घ्या," असं तिची वहिनी तिच्या भावाकडे बघून म्हणायची.

कचेरीचं काम होतं वाळलेली दलदल परत ओली करायचं. पस्तीस वर्षांपूर्वी चर खणून दलदलीचं पाणी काढून टाकलं होतं, शेती होईल म्हणून. शेती झाली नाही ती नाहीच. भेगाळलेली जमीन तेवढी उरली, आणि काटेरी झुडपं. आता उलटं काम चालू होतं. पण कुठं कोणतं गवत होतं, पाणी कुठून यायचं, कोणता पक्षी कुठं अंडी घालायचा, हे कागदावर कुठंच नव्हतं. ते होतं दलदलीच्या माणसांच्या गोष्टींत. म्हणून नकाशेवाला घरोघर जाऊन गोष्टी रेकॉर्ड करून आणायचा, शेपूट त्या टाइप करायची, आणि त्या कागदांवरून तो जमिनीत खुंट्या ठोकायचा. 'इथं बगळी रुसून बसली' असं गोष्टीत आलं की तिथं लव्हाळी लावायची. गंमत म्हणजे लव्हाळी तगायची, आणि पुढच्या वर्षी बगळीही येऊन बसायची, रुसल्यासारखी.

एकच गोष्ट फसली होती. नेमकी सगळ्यांत लांब, आणि नेमकी शेपूटच्या आत्याची. पाणमांजरिणीचा डोळा हरवतो आणि ती तो शोधत निघते, अशी ती गोष्ट. डोळा म्हणजे दलदलीचा मूळ झरा. तो सापडेना, म्हणून केलेलं सगळं पाण्यात जात होतं. खरं तर पाण्याअभावी जात होतं. दर उन्हाळ्यात लावलेलं अर्धं करपायचं. आणखी एक उन्हाळा असा गेला तर दलदलीचा नाद सोडायचा, असं वरून पत्र आलं होतं.

त्या सकाळी नकाशेवाला कागद घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"बाई, हे बघा. 'मग थोडं पुढं गेलं की काळं पाणी.' खाली परत, 'मग थोडं पुढं.' हे थोडं म्हणजे किती हो? आम्ही पन्नास पावलं धरली. एक काडी जगली नाही."

शेपूट विचार न करता हसली. "थोडं म्हणजे एका हंचं."

"कसल्या?"

मग तिला सांगावंच लागलं. लांब गोष्ट बसून सांगायची नसते. ती चालत सांगायची. लव्हाळ्यातली वाट एका माणसापुरती. सांगणारा पुढं, ऐकणारा मागं. सांगणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. म्हणून ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, 'हं', म्हणजे आहे मी, चल. एका हंपासून दुसऱ्या हंपर्यंत जेवढं चालून होईल, तेवढं 'थोडं'.

नकाशेवाल्यानं कागद उलटेपालटे केले. "मग यात ते हं कुठं आहेत?"

"काढून टाकले. तुमचाच नियम आहे ना, खोकला, शिंक, हं, असले अनावश्यक आवाज गाळावेत."

"अहो, वाटच गाळलीत की तुम्ही! आधी सांगायचं नाही का?"

शाळेत दलदलीच्या पोरांना 'चिखले' म्हणून चिडवत. तेव्हापासून पाय स्वच्छ धुऊन मगच आत यायची सवय लागली होती तिला, आणि कचेरीतही ती तशीच आली होती.

"असू दे," तो म्हणाला, "परत घाला सगळे. किती सेकंदांनी आला ते लिहून."

"तुम्हालाही आठवत असतील की. तुम्हीच समोर बसला होतात."

"मी?" नकाशेवाला म्हणाला. "रेकॉर्डिंग चालू असताना मी श्वासही बेतानं घेतो, बाई. मी एक हं म्हटलेलं नाही."

२

जे गाळायचं असतं ते कान ऐकतच नाही. दोन वर्षांपूर्वी तिनं हीच गोष्ट टाइप केली होती, आणि हं आला की बोट आपोआप पुढं सरकायचं. आज तिनं पहिल्यांदा तो ऐकला.

आत्याचा आवाज: "पाणमांजरीण निघाली. कडेच्या दगडावर पाय ठेवला." मग थांबणं. त्या थांबण्यात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. आणि मग, "हं."

लहान मुलीचा आवाज होता तो.

शेपूटनं पेडल सोडलं. खोलीत पंखा फिरत होता, पलीकडे शिपाई कपाटाची किल्ली शोधत कुणाला तरी शिव्या घालत होता. सगळं जिथल्या तिथं होतं. शेजारचं पोर आलं असेल, तिनं स्वतःला सांगितलं. मग आठवलं की शेजारी तेव्हा कुणी राहतच नव्हतं. रस्त्यावरची असेल एखादी. रस्त्यावरची मुलगी आत्याच्या गोष्टीला दोनशे वेळा नेमका हुंकार देईल होय? बरं, दिला तर दिला. पोरांचा काही नेम नसतो.

ती ऐकत राहिली. पाचव्या-सहाव्या हंनंतर तिच्या लक्षात आलं की आवाज मायक्रोफोनच्या बाजूनं येत नाहीये. तो आत्याच्या मागून येत होता. आणि आत्याची खुर्ची तर भिंतीला टेकवलेली असायची.

शेवटी गोष्ट वाकड्या झाडापाशी आली. "पाणमांजरीण वाकड्या झाडापाशी आली," आत्या म्हणाली, आणि थांबली.

"हं."

आत्या गप्प.

"हं," पुन्हा आला, जरा घाईचा. मग थोड्या वेळानं परत, रडकुंडीला आल्यासारखा, "हं?"

"बंद करा ते," आत्याचा आवाज. "मला पुढचं येत नाही." खट्. संपलं.

शेपूटनं हेडफोन काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. तो शेवटचा हं तिच्या ओळखीचा होता. जिभेचं टोक पडलेल्या दातांच्या फटीत घालून म्हटलेला, किंचित शिट्टी मारणारा. सातव्या वर्षी तिचे पुढचे दोन दात एकदम पडले होते.

३

घरी आत्या मधल्या खोलीत खाटेवर होती. अर्धांगाचा झटका येऊन वर्ष झालं होतं. उजवी बाजू गेली, आणि वाचाही. शब्द तर सोडाच, हं सुद्धा निघत नव्हता. डोळे मात्र लख्ख.

"आज सकाळपासून दाराकडे बघतायत आत्याबाई," वहिनी म्हणाली. "म्हटलं, वन्सं येईपर्यंत दम धरा. नणंदेला कचेरी आणि मला घरातली कचेरी."

शेपूट खाटेच्या कडेला बसली. आत्याचा डावा हात तिनं हातात घेतला. एवढी वर्षं जे दोघींनी एकमेकींना कधी विचारलं नव्हतं, ते आता विचारायचं तर विचारणार कुणाला?

सात वर्षांची असताना ती आत्याच्या मागं मागं असायची, म्हणून तर शेपूट. आत्यानं ठरवलं होतं की लांब गोष्ट हिलाच द्यायची. एका दुपारी दोघी लव्हाळ्यात शिरल्या. आत्या पुढं, सांगतेय. ही मागं, हं म्हणतेय. ऊन मी म्हणत होतं, पायात चिखल, गोष्ट काही संपायचं नाव घेईना. पोर कंटाळली. वाटेत मागच्या मागं वळली आणि चक्क घरी पळून आली. पळताना थोडा वेळ वाटत होतं, आत्या आता हाक मारेल. हाक आलीच नाही.

दिवस कलताना आत्या परतली. ही ताटावर बसून जेवत होती. आत्या उंबऱ्यातच थांबली. तोंड पिठासारखं पांढरं. रागावली नाही, काही नाही. एवढंच विचारलं, "तू केव्हा आलीस?"

"मघाशीच," ही घास तोंडात ठेवून म्हणाली.

त्यानंतर आत्या त्या वाटेला कधी गेली नाही. त्याच वर्षी चर खणले. पाणी गेलं ते चरांमुळं, हे शेपूटला नीट समजत होतं. चार इयत्ता शिकलेल्या कुणालाही समजेल. पण आत्याला कुणी विचारलं की ती एकच सांगायची, "गोष्ट अर्धी राहिली." आणि ते ऐकताना शेपूटला तोंडातला घास अजून घशाखाली उतरायचा नाही.

तिनं पिशवीतून फोन काढला, रेकॉर्डिंग लावलं. पहिला हं आला आणि आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. घाबरल्यासारखं मुळीच नाही. आपलं कुणीतरी फार दिवसांनी दिसावं तसं.

"आत्या," शेपूट म्हणाली, "तू वळून बघितलंस ना तेव्हा? वाकड्या झाडापाशी?"

आत्यानं डोळे मिटले, उघडले. हो.

"कोण होतं गं?"

आत्यानं डावा हात सोडवून घेतला. आधी बोट शेपूटच्या छातीवर टेकवलं. मग चादरीवर दोन बोटं चालवली, टुकटुक, टुकटुक, लव्हाळ्याच्या वाटेनं जावं तशी. खाटेच्या कडेपर्यंत आली, थांबली, आणि तिथून बोटांनी दाराकडे खूण केली. जा.

"अगं बाई, रडताय कशाला दोघी?" वहिनी आत आली. "फोन ठेवा तो. आणि हे पोर कोण हुं हुं करतंय मघापासून?"

फोन तर केव्हाच बंद झाला होता.

४

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती आणि नकाशेवाला दलदलीच्या कडेच्या दगडापाशी उभे होते. त्याच्या पाठीवर लाल झेंड्यांची जुडी, पायात गुडघ्यापर्यंत बूट. ती अनवाणीच.

"मी पुढं, तुम्ही मागं," ती म्हणाली. "मी थांबले की हं म्हणायचं आणि झेंडा रोवायचा. मी वळून बघणार नाही."

"ओके."

"ओके नाही. हं."

"हं," तो म्हणाला, परीक्षेला बसल्यासारखा.

ती चालू लागली. पहिल्या भागात दोन वर्षांची लव्हाळी उभी होती, डोक्याच्या वर. आत शिरल्यावर वारा बंद झाला आणि ऊन हिरवं झालं. गोष्ट तिला कागदावरून पाठ होती, पण पायाखाली आल्यावर ती वेगळीच लागायला लागली. 'मग थोडं पुढं' म्हटलं की पाय आपणच मोजून पडत आणि आपणच थांबत. मागून "हं" यायचा, झेंड्याची काठी चिखलात रुतल्याचा आवाज यायचा. दोनदा तो "बरं" म्हणाला, एकदा "अगदी बरोबर," तेव्हा ती न वळता ओरडली, "साहेब, कीर्तनाला आलात का? हं म्हणा!"

काळ्या पाण्याच्या पुढं जमीन कोरडी पडली. करपलेल्या लव्हाळीचे खुंट. इथं त्यांची मेहनत वाया गेली होती, वाटेच्या चांगलं वीस पावलं डावीकडे. तिला लाज वाटली. एक टाइप करणारी बाई हं गाळते काय आणि बगळे उपाशी राहतात काय.

ती सांगत राहिली. हं येत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. पाय जड आणि डोकं हलकं, तापातून उठल्यावर होतं तसं. काठी रुतल्याचा आवाज बऱ्याच वेळात आला नाही, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती शेवटच्या वळणावर होती.

"बाई!" लांबून हाक आली. फार लांबून, काळ्या पाण्याच्याही पलीकडून. "बाई, थांबा हो! माझा बूट रुतलाय! मघापासून ओरडतोय मी!"

ती उभी राहिली.

तिच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, कुणीतरी म्हणालं, "हं."

दातांच्या फटीतून. किंचित शिट्टी वाजवत.

वळायचं नाही. मानेतली शीर न् शीर वळायला बघत होती. वारा आहे, तिनं स्वतःला सांगितलं. पोकळ खुंटांतून वारा असाच वाजतो. पण वारा नव्हता. झेंडा लावायला कुणी नव्हतं. समोर, पंधरा पावलांवर, वाकड्या झाडाचा बुंधा होता, वरचं झाड कुणीतरी केव्हाच कापून नेलेलं. आत्या इथं वळली होती. आत्यानं वळून बघितलं होतं आणि तिला जे दिसलं ते बघून ती गोष्ट टाकून पळाली होती, त्या मागच्या पोरीला तिथंच सोडून. आणि घरी आली तर पोर जेवतेय.

म्हणजे दोघींनी सोडलं होतं तिला. आधी हिनं, मग आत्यानं.

शेपूट वळली नाही. "पाणमांजरीण," ती म्हणाली, "वाकड्या झाडापाशी आली."

"हं."

"आणि मग," ती म्हणाली, आणि गोष्ट संपली. यापुढचं कागदावर नव्हतं. आत्याकडे असेल, पण आत्याची वाचा गेलेली.

मागं शांत. मग कोरड्या मातीवर एक पाऊल पडल्याचा आवाज, लहान, उघडं पाऊल. आणि मग ज्या आवाजानं पस्तीस वर्षं फक्त हं म्हटलं होतं, त्यानंच गोष्ट उचलली.

"आणि मग," तो आवाज म्हणाला, "पाणमांजरीण बुंध्याच्या उजवीकडनं गेली."

शेपूट उजवीकडनं गेली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. आता म्हणायला तिच्याकडे एकच शब्द होता. आयुष्यभर गाळलेला.

"हं," ती म्हणाली.

"मग थोडं पुढं."

"हं."

"तिथं तिला कुणीच विचारलं नाही, बाई गं, तू कोण. तिथं कुणी नव्हतंच."

"हं."

"मग थोडं पुढं. डोळा काही हरवला नव्हता. वाट बघून बघून मिटला होता. त्याच्याजवळ उभं राहायचं आणि म्हणायचं, आले मी."

शेपूट जिथं होती तिथं उभी राहिली. पायाखाली साधी वाळलेली, पापुद्रे सुटलेली जमीन. मागं इतकं जवळ उभं होतं कुणी, की तिच्या साडीच्या काठाला ओढ जाणवली, पोरं गर्दीत धरतात तशी.

"आले मी," ती म्हणाली.

आधी तळव्यांना गार लागलं. मग पापुद्रे मऊ पडले. मग बोटांच्या मधून पाणी वर आलं, स्वच्छ, आणि घोट्यापर्यंत चढलं.

५

नकाशेवाला एका पायात बूट घालून तिथं पोचला तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी होती. तो कुजबुजला, "बाई, हलू नका." पाण्याच्या मधोमध एक चपटं, ओलं डोकं वर आलं होतं, मिशा पुढं काढून. पस्तीस वर्षांत इथं पाणमांजर कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं एकदा शेपूटकडे बघितलं, एकदा तिच्या शेजारी, कमरेच्या उंचीवर, आणि बुडालं.

"तुमच्या शेजारी काय बघत होतं ते?" नकाशेवाल्यानं विचारलं.

"सावली असेल," ती म्हणाली.

परतताना ती पुढं चालली. झेंडे लागले होते ते काळ्या पाण्यापर्यंतच. त्यापुढं तिची अनवाणी पावलं मातीत उमटली होती आणि प्रत्येक ठशात आणखी एक लहान पाऊल. नकाशेवाला वाकून बघायला लागला तेव्हा झऱ्याचं पाणी मागून आलं आणि ठशांत भरलं. त्या उन्हाळ्यात ते पाणी आटलं नाही.

दिवस मावळायच्या आत ती घरी पोचली. उंबऱ्यात थांबली, पायांवरचा चिखल बघितला आणि तशीच आत गेली. वहिनी "अहो वन्सं, लादी आत्ताच पुसलीये," म्हणाली, तिकडे तिनं लक्ष दिलं नाही. खाटेपाशी बसली आणि गोष्ट सांगायला लागली, बुंध्याच्या उजवीकडनं, पुढची सगळी. प्रत्येक 'थोडं पुढं'ला ती थांबायची. आत्याचे ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही.

शेवटी ती म्हणाली, "आले मी."

"हं," आत्या म्हणाली. वर्षानंतरचा पहिला आवाज, घोगरा, पण स्पष्ट. वहिनीच्या हातातलं फडकं खाली पडलं.

पण आत्या शेपूटकडे बघत नव्हती. तिच्या खांद्यावरून मागं बघत होती, जराशी खाली. तिचा डावा हात चादरीवरून उचलला गेला, हवेत पुढं आला, आणि सात वर्षांच्या मुलीच्या डोक्याएवढ्या उंचीवर थांबला. मग तो हळूहळू कुरवाळू लागला.

"तू केव्हा आलीस?" आत्यानं विचारलं.

शेपूट उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला.

"मघाशीच."